जुनी गाडी, फोनवरचा फौजी आणि राहिलेली एक सही

माझा भाचा खानापूरला असतो. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी त्याने मला एका जाहिरातीचा फोटो पाठवला. क्रीम रंगाची पद्मिनी, चकचकीत बंपर, मागे नारळाची झाडं. खाली मजकूर: १९६८ मॉडेल, एकहाती वापर, किंमत ७० हजार, मालक आर्मीत, बदली झाल्याने तातडीने विकणे, ठिकाण बेळगाव कॅम्प. मागोमाग त्याचा फोन.

"मामा, घेऊलोय बघ. गेटपासचे तीन हजार भर म्हणूलाय, गाडी घरपोच येतीय."

"गाडी बघितलास?"

"फोटो बघितलो की."

खानापूरहून बसने निघाला असता तरी तो दुपारच्या जेवणाआधी कॅम्पात पोचून बंपरला हात लावून परत आला असता. पण विकणाऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं की आत सिव्हिलियनला सोडत नाहीत. या एका वाक्याने दोन कामं होतात. गाडी न दाखवायला कारण मिळतं, आणि विकणारा खराच फौजी असणार असंही वाटायला लागतं.

जाहिरातीत तीन गोष्टी खोट्या होत्या. १९६८ ची पद्मिनी असूच शकत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून त्या वर्षी बाहेर पडणारी गाडी होती फियाट ११०० डिलाइट. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आलं. आता आपल्याकडे घरात सगळ्यांनाच 'फियाट' म्हणतात, त्याहून जुनीला 'डुक्कर फियाट', त्यामुळे नावाचा घोळ भल्या माणसाकडूनही होतो. पण ज्याच्या हातात आरसी बुक आहे तो वर्ष आणि मॉडेल बुकात बघून लिहील. दुसरी गोष्ट नंबर प्लेट. फोटो बोटांनी मोठा केला तर अर्धवट पुसलेल्या पाटीची पहिली अक्षरं 'केएल' दिसत होती. म्हणजे केरळ. ती नारळाची झाडं तिथलीच. तिसरी किंमत. पत्रा शाबूत, क्रोम शाबूत, कागद नीट अशी गाडी ज्याच्याकडे असते त्याच्याकडे ती मागायला माणसं घरी येतात. त्याला तातडीने ७० हजारांत काढायची वेळ येत नाही.

फौजीच का?

कारण आपण बेळगावचे आहोत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं, आणि आजूबाजूच्या कुठल्याही गावात गेलात तरी दर चार घरांत एक जण सैन्यात नाही तर निवृत्त होऊन आलेला. 'आर्मीतला माणूस' म्हटलं की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही. विचारणं हाच आपल्याला अपमान वाटतो. फसवणाऱ्याला बेळगावची माहिती असण्याची गरज नाही; देशाच्या नकाशावर कँटोन्मेंट असलेली शहरं बघून तो तीच जाहिरात ठिकाण बदलून टाकत जातो.

विचारलं तर तो ओळखपत्राचा, आधारचा, कँटीन कार्डाचा फोटो लगेच पाठवतो. ते कार्ड खरंही असू शकतं, फक्त त्याचं नसतं. आधी फसलेल्या कुणीतरी विश्वासाने पाठवलेले कागद पुढच्याला फसवायला वापरले जातात. म्हणून समोरच्याने कार्ड पाठवलं म्हणून आपलं आधार पाठवू नका. पुढच्या महिन्यात तुमच्या नावावर कुणीतरी पद्मिनी विकत असेल.

पुढचा खेळ कसा चालतो ते सांगतो. आधी गेटपास किंवा ट्रान्सपोर्टचे तीन हजारांच्या आसपास, 'गाडी हातात आली की परत मिळतील' असं सांगून. रक्कम मुद्दाम अडनिडी, ३,१५० वगैरे, म्हणजे पावतीसारखी वाटते. मग ट्रकमध्ये चढवलेल्या गाडीचा फोटो. मग ड्रायव्हरचा फोन: हत्तरगी टोलजवळ आलोय, पण विम्याची रक्कम भरल्याशिवाय गाडी उतरवता येत नाही, साडेसहा हजार, तेही परत मिळणारे. मग जीएसटी. प्रत्येक वेळी मागणी आधीच्यापेक्षा थोडी मोठी. रमीत हरत चाललेला माणूस जसा डाव सोडून उठत नाही, तसं आपण आधीचे पैसे सोडवायला आणखी पैसे घालतो. शहाणी, नोकरीतली, हिशेबी माणसं यात अडकतात ती इथेच. पहिल्या तीन हजारांना त्यांनी 'गेले तर गेले' म्हटलेलं असतं, पण पंधरा हजार झाल्यावर तसं म्हणवत नाही.

शेवटी येतो क्यूआर कोड. 'तुमचे पैसे परत पाठवतोय, हा स्कॅन करा आणि पिन टाका.' यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो पैसे देताना, आणि शिल्लक बघताना. कोड स्कॅन करणं म्हणजे दुकानदाराला पैसे देणं. तो कोड व्हॉट्सअॅपवर आला म्हणून त्याची दिशा उलटी होत नाही. एका माणसाने दुसऱ्याकडे पैसे मागायची 'कलेक्ट' विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयमध्ये बंद झाली, त्यामुळे आता फसवणाऱ्यांची भिस्त या कोडांवरच जास्त.

फोटो खोटा आहे का ते बघायला गूगल लेन्सवर टाका. तोच फोटो दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या किमतीच्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला. नाही सापडला तरी खात्री नाही. मी भाच्याला सांगितलं, व्हिडिओ कॉल माग, आणि आजचा 'तरुण भारत' बॉनेटवर ठेवायला सांग. मग थंड इंजिन तुझ्यासमोर चालू करायला सांग. त्याने मागितलं. उत्तर आलं, 'ड्यूटीवर आहे, कॅमेऱ्याला परवानगी नाही.' गाडीचे चौदा फोटो काढायला मात्र परवानगी होती.

फौजीचाच एक चुलत भाऊ म्हणजे 'मिलिटरी डिस्पोजलची जीप'. लिलावात सुटलेली, फक्त कागद करून घ्यायचे, असं सांगतात. सरकारी लिलाव एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात आणि लिलावाचं, ताबा दिल्याचं पत्र हातात येतं. त्या पत्राशिवायची जीप म्हणजे शेतातलं बुजगावणं. शिवाय सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचं १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होत नाही, त्या भंगारात काढायच्या असतात. 'अमुक खात्याची ८५ ची जीप परवाच लिलावात घेतली' असं कुणी म्हणाला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

गाडी खरी, विकणारा खरा, तरीही

आता त्याहून अवघड भाग. वरची फसवणूक कळली की टाळता येते. सीमाभागात जास्त माणसं अडकतात ती कागदात, आणि त्यात समोरचा प्रत्येक वेळी लबाड असतोच असं नाही.

आपल्याकडे गडहिंग्लजची गाडी संकेश्वरात आणि चंदगडची गाडी बेळगावात वर्षानुवर्षं फिरते. एमएच ०९ आणि केए २२ शेजारी लावलेल्या दिसल्या तर कुणाला काही वाटत नाही. त्यामुळे विकणारा सहज म्हणतो, "एनओसी कशाला? दोन्हीकडे चालतीय की." चालते, कुणी अडवेपर्यंत. कायद्यात मात्र दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत, लागते, फॉर्म २८. कर्नाटकचा कर वेगळा भरावा लागतो. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच बोली लावा. आणि एनओसी काढायचं काम विकणाऱ्याकडे ठेवा. 'पैसे द्या, मग काढून देतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला ते पोटनियमासारखं पाठ आहे.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. २९ वर विकणाऱ्याची माहिती, ३० वर घेणाऱ्याचा अर्ज. घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात या फॉर्मांची एक खास जात आहे: कोरे, खाली सही केलेले. गाडी चार हातांतून फिरलेली असते आणि सही असते पहिल्या मालकाची, जो कधीच वारला. मधल्या तिघांनी आरटीओचं तोंडही बघितलेलं नसतं. अशा वेळी तुम्ही गाडी चौथ्याकडून घेता, पण कागद मेलेल्या माणसाकडून घेता.

मालक वारला असेल तर रस्ता वेगळा, फॉर्म ३१, वारसाच्या नावावर गाडी आधी चढवायची आणि मग विकायची. वाड्याच्या सोप्यात ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची अँबेसेडर ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. थोरला गावात, मधला पुण्यात, धाकटा आखातात. थोरल्याने जाहिरात टाकली, तुम्ही पैसे दिले, आणि महिन्याने पुण्याचा भाऊ दारात, "गाडी वडिलांची, मला न विचारता कुणी विकली?" तो खोटं बोलत नाही. सगळ्या वारसांची लेखी संमती बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि ती संमती फोनवर चालत नाही.

बोजा उताऱ्यावर असतो तसा आरसीवरही असतो. आरसी बुकात 'एचपी' किंवा हायपोथिकेशन असं लिहून बँकेचं नाव दिसलं तर कर्ज फिटलं असलं तरी नोंद उठलेली नाही. त्यासाठी बँकेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत लागते. ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांवर अनेकदा सिंडिकेट बँक किंवा विजया बँक असते, आणि त्या नावाची शाखा आता सापडत नाही. सिंडिकेट १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली, विजया त्याआधी वर्षभर बँक ऑफ बडोद्यात. पत्र तिथून आणावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वीचं खातं शोधायला बँक किती दिवस घेईल ते ज्याला गाडी विकायची आहे त्यालाच अनुभवू द्या.

एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून बघायचं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत अॅपवर काहीच न दिसणं म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. हाताने लिहिलेल्या रजिस्टरातल्या कित्येक नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत. ज्या कार्यालयाचा नंबर आहे तिथे जाऊन 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. पण ती झाल्यावरच व्यवहार करा. नंबरावरूनही थोडं कळतं. राज्याची दोन अक्षरं आणि कार्यालयाचा आकडा ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. १९७५ च्या गाडीवर केए २२ दिसला तर ती नंतर पुन्हा नोंदवली गेली आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त केव्हा आणि कुठून आली ते विचारा.

आणि नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. केंद्राने २०२२ च्या एप्रिलपासून कारसाठी ही फी ५,००० केली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. मुदत उलटून गेली असेल तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. पाच वर्षं बंद पडलेली कागदपत्रं म्हणजे नुसता उशीरच कागदावर तीस हजारांचा. 'पेपर लॅप्स आहेत, किरकोळ खर्च आहे' या वाक्यातला किरकोळ हा असा असतो.

आकडा बोटाने वाचावा

माझी स्वतःची चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एक येझदी घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावाची, लाल, आवाज असा की शेजारचं कुत्रं उठून जायचं. बुक होतं, मालक समोर होता, सही माझ्यापुढे केली. नावावर करायला आरटीओत गेलो तेव्हा तिथल्या माणसाने इंजिनच्या आकड्यावर कागद धरून त्यावरून पेन्सिल आडवी फिरवली. कागदावर आकडे उमटले. त्याने ते बुकाशेजारी ठेवले आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवले. शेवटचे तीन आकडे जुळत नव्हते. इंजिन दुसऱ्याच गाडीचं होतं. विकणाऱ्याला ते माहीत होतं का, मला आजही सांगता येणार नाही. ते निस्तरायला मला आठ महिने लागले.

तेव्हापासून मी पेन्सिल आणि पातळ कागद खिशात ठेवतो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, दोन्हींचा ठसा जागेवर घ्यायचा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडायचा. आकड्यांवरून बोट फिरवा. सगळे सारख्या खोलीचे, एका ओळीत हवेत. आजूबाजूचा पत्रा घासून गुळगुळीत झालेला असेल, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा उथळ असेल, किंवा त्या पट्टीभोवती ताजं वेल्डिंग असेल तर गाडी सोडून द्या. भंगारात गेलेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला चढवणं हा जुना धंदा आहे आणि नव्या आरसी कार्डाचा रंग बघून तो कळत नाही.

पत्र्यासाठी लोहचुंबक. फ्रीजवरचा चालेल, फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानींना आणि डिकीच्या तळाला लावत जायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. कारवार-गोव्याकडून आलेल्या गाडीत फ्लोअरची मॅट उचलल्याशिवाय बोलणी करू नका, खाऱ्या हवेने तळ चाळणी झालेला असतो. यांत्रिक दोषांची मला तेवढी भीती वाटत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काय वाटेल ते करून मिळतं. कागद मात्र लेथवर फिरत नाहीत.

अँबेसेडर घेणार असाल तर वर्ष आणि मार्क जुळतात का बघा: मार्क ३ साधारण १९७५ चा, मार्क ४ त्यानंतर चारेक वर्षांनी. इसुझूचं इंजिन नव्वदच्या दशकात आलं, तेव्हा ७० सालच्या गाडीत इसुझू निघाला तर ते नंतर बसवलेलं आहे आणि त्याची नोंद बुकात हवी.

'विंटेज करून देतो' असं कुणी सांगितलं तर हेही लक्षात ठेवा. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली, खासगी गाडीच विंटेज ठरते. नव्या नोंदणीची फी २०,०००, मुदत दहा वर्षं, पाटीवर 'व्हीए' अक्षरं. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. तिच्यातून निपाणीला लग्नाला जायचा बेत असेल तर तो नियमात बसत नाही. ८८ ची पद्मिनी तर अजून विंटेज होतच नाही.

पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात, बँकेतून. यूपीआयवर रक्कम पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचा. 'मेव्हण्याच्या नंबरवर टाका' म्हणाला तर टाकू नका. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट करा, दोघांच्या सह्या. आणि तुम्ही विकणारे असाल तर नाव बदललंय का ते स्वतः तपासा. अपघात झाला तर आरसीवर नाव असलेल्यालाच मालक धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, आणि आधी त्याच माणसाला फोन करून भांडत बसू नका. १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. जिल्ह्याच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या, पोलिस ठाण्यात तक्रार होते. 'आरोपी दुसऱ्या राज्यातला, तिकडे जा' असं कुणी म्हटलं तर शून्य एफआयआरचा आग्रह धरा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तरतूद आहे. 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारा जो पुढच्या आठवड्यात फोन करेल, तो त्याच टोळीतला समजा.

भाच्याने तो फौजी ब्लॉक केला. तीन हजार वाचले म्हणून मला कुंदा आणून दिला. पण पद्मिनीचं खूळ गेलं नाही. दिवाळीनंतर त्याला संकेश्वरजवळ एक खरी सापडली, ८६ ची, स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरची. आम्ही दोघं जाऊन बघून आलो. मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली होती. चेसिसचा ठसा बुकाशी जुळला, बोजा नव्हता, चुंबक फक्त उजव्या दाराला घसरला. मालक निवृत्त शिक्षक, गाडी त्यांच्या वडिलांच्या नावावर. संमतीपत्रावर दोन बहिणींच्या सह्या झाल्यात. पुण्याच्या भावाची राहिलीय. तो मे महिन्यात येतो म्हणालाय, आणि भाचा दर आठवड्याला शिक्षकांना फोन करून कोंबडी हलवली का विचारतो.